समुद्रतळावरील चक्रे आणि भरतीच्या प्रवाहाची वीज

भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटीचा पाठ चालू असताना एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "गुरुजी, धरणाच्या पाण्यावर वीज होते, तर भरतीच्या पाण्यावर का होत नाही?" ह्या प्रश्नास "होते" एवढेच उत्तर देऊन पुढे जाणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. कोठे होते, किती होते आणि सर्वत्र का होत नाही, हे सांगितल्यावाचून विद्यार्थ्याचे समाधान होणार नाही, व व्हावयासही नको. विशेषतः किनारपट्टीवरील शाळांत, जेथे मुलांना भरतीची ओळख पुस्तकापूर्वीच झालेली असते, तेथे शिक्षकाचे उत्तर नेमके असणे अगत्याचे आहे. ह्या दृष्टीने प्रस्तुत लेखात एका नव्या प्रकारच्या वीजयंत्राची माहिती दिली आहे.

भरतीपासून वीज मिळविण्याच्या रीती दोन. पहिली रीत धरणाची. खाडीच्या मुखाशी बांध घालावयाचा, भरतीचे पाणी आत कोंडावयाचे आणि ओहोटी लागल्यावर बाहेरची पातळी खाली गेली की ते यंत्रांतून सोडावयाचे. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर असे वीजकेंद्र १९६६ साली सुरू झाले. त्याची २४ यंत्रे असून एकंदर शक्ती २४० मेगावॉट आहे. दक्षिण कोरियातील सिहवा येथे २०११ साली ह्याहून किंचित मोठे, २५४ मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. ह्या रीतीने वीज भरपूर मिळते. पण खाडी अडते. रान्सचे बांधकाम चालू असता खाडीचा समुद्राशी संबंध सुमारे तीन वर्षे तुटला होता, आणि तेवढ्या काळात तिच्यातील पुष्कळशी जीवसृष्टी नष्ट झाली. पुढे ती हळूहळू पुन्हा वसली, तथापि असे बांध जगात ठिकठिकाणी का झाले नाहीत, ह्याचे एक कारण ह्यात सापडते.

दुसरी रीत अगदी वेगळी आहे. तीत बांध नाही, भिंत नाही, पाणी अडविणे नाही. पवनचक्की जशी वाऱ्यात उभी करतात तशी एक चक्की समुद्राच्या तळावर, वाहत्या पाण्यात उभी करावयाची. पाणी आपल्या वाटेने जाते आणि जाता जाता पाती फिरवते. येथून पुढे आपण ह्याच रीतीचा विचार करू.

येथे शिक्षकांनी एक भेद मुलांच्या मनावर चांगला ठसवावा. भरती म्हणजे पाण्याचे वर चढणे, असे आपण सांगतो व ते किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीने खरेही आहे. परंतु पाणी चढते तेव्हा ते कोठून तरी आलेले असते. एका जागी पातळी वाढावयाची तर दुसरीकडून पाणी आडवे वाहत यावे लागते. उघड्या समुद्रात ही वाहती हालचाल अतिशय मंद असते. मात्र हेच पाणी अरुंद वाटेतून जाऊ लागले की त्यास वेग येतो. शेतातल्या पाटात तोंडाशी दोन दगड ठेवून वाट अरुंद केली म्हणजे पाणी कसे उसळून धावते, हे मुलांनी पाहिलेले असतेच. समुद्रतळावरील चक्कीला भरतीची उंची नको आहे. तिला ही धाव हवी आहे.

अशी धाव जेथे विलक्षण आहे अशा एका स्थळी ही यंत्रे आज काम करीत आहेत. ब्रिटनच्या नकाशात स्कॉटलंडचे उत्तर टोक पाहावे. त्या टोकापलीकडे ऑर्कने नावाचा द्वीपसमूह आहे. मुख्य भूमी आणि ऑर्कने ह्यांमधील सामुद्रधुनीस पेंटलंड फर्थ म्हणतात. तिच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर आणि पूर्वेस उत्तर समुद्र. भरतीची लाट महासागराकडून येते. ती सामुद्रधुनीच्या पश्चिम टोकास आधी पोचते आणि पूर्व टोकास उशिरा. त्यामुळे एकाच क्षणी दोन टोकांशी पाण्याची पातळी सारखी नसते. दोन हौद एका नळीने जोडावे, एकात पाणी अधिक असावे आणि नळीतून ते दुसऱ्याकडे जोराने जावे, तसा हा प्रकार आहे. काही तासांनी पारडे फिरते व प्रवाह उलट दिशेने धावू लागतो. शिडाच्या जहाजांच्या काळापासून खलाशी ह्या सामुद्रधुनीस भिऊन असत. तिच्यात स्ट्रोमा नावाचे एक लहान बेट आहे. त्या बेटाच्या व किनाऱ्याच्या मधल्या चिंचोळ्या भागात, जेथे खोली तीस-पस्तीस मीटर आहे, तेथे समुद्रतळावर चार यंत्रे बसविलेली आहेत. ह्या प्रकल्पाचे नाव मेजेन. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याची पहिली वीज किनाऱ्यावर आली आणि एप्रिल २०१८ पासून चारही यंत्रांचे नियमित काम सुरू झाले.

यंत्राचे वर्णन करण्यापूर्वी वेगाचे महत्त्व किती हे पाहिले पाहिजे, कारण ह्या साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे. वाहत्या पाण्यापासून मिळू शकणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. असे का, हे वरच्या वर्गातील मुलांस समजावून देता येण्याजोगे आहे. वस्तूच्या अंगची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग दुप्पट झाला की प्रत्येक किलोग्रॅम पाण्यातील ऊर्जा चौपट होते. शिवाय वेग दुप्पट झाल्याने तेवढ्याच वेळात पाणीही दुप्पट येते. चौपट गुणिले दुप्पट म्हणजे आठपट. पहिल्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जाते, दुसरीकडे जात नाही. म्हणून फळ्यावर दोन्ही वेगवेगळ्या मांडाव्या.

आता आकडे घेऊ. समुद्राच्या एक घन मीटर पाण्याचे वजन सुमारे १०२५ किलोग्रॅम भरते. एक चौरस मीटरची चौकट पाण्यात आडवी धरली आणि पाणी सेकंदास १ मीटर वेगाने तिच्यातून गेले, तर त्या पाण्याबरोबर सुमारे अर्धा किलोवॉट शक्ती जात असते. वेग २ मीटर झाला तर ४ किलोवॉट, ३ मीटर झाला तर सुमारे १४ किलोवॉट आणि ४ मीटर झाला तर जवळजवळ ३३ किलोवॉट. वेग चौपट, शक्ती चौसष्टपट! मुलांकडून १, ८, २७, ६४ हे घन पाठ करवून घेताना हा दाखला दिला, तर त्या कोरड्या संख्यांना काही अर्थ येईल असे वाटते.

ह्यावरून दोन गोष्टी एकदम उलगडतात. सेकंदास एक मीटर म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याएवढ्या वेगाने वाहणाऱ्या खाडीत चक्की बसवली, तर तिच्या खर्चाचे व्याजदेखील सुटावयाचे नाही. आणि तीन-चार मीटरच्या वेगाची जागा मिळाली तर लहानशा चक्कीतून मोठे काम होईल. पृथ्वीवर समुद्र अफाट आहे, पण असा वेग असलेल्या जागा थोड्या आहेत. म्हणून "समुद्रात अखंड शक्ती भरलेली आहे" असे एखादे पुस्तक सांगते तेव्हा ते खोटे नसते. पण ती शक्ती बहुतेक ठिकाणी इतकी पातळ पसरलेली असते की तिला हात घालता येत नाही.

वाऱ्याशी तुलनाही उद्बोधक आहे. पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून अधिक घन आहे. त्यामुळे सेकंदास ३ मीटर वेगाच्या पाण्यात जी शक्ती असते, तेवढ्याच चौकटीतून ती वाऱ्यापासून मिळावयाची तर वारा ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने सुटला पाहिजे. म्हणजे घरांची कौले उडविणारे वादळ! हे वादळ पेंटलंड फर्थच्या तळाशी दिवसातून अनेक तास नेमाने वाहत असते.

मेजेनच्या यंत्राकडे आता वळू. दिसावयास ते आखूड पवनचक्कीसारखे आहे. तीन पाती, त्यांच्या फेऱ्याचा व्यास १८ मीटर, मागे जनित्र असलेला लांबट पेटारा, आणि खाली तीन पायांची लोखंडी बैठक. व्यास १८ मीटर म्हणजे पात्यांच्या फेऱ्यात येणारे क्षेत्र सुमारे २५४ चौरस मीटर. हे गणित मुलांना पाय वापरून करता येईल. सेकंदास ३ मीटर वेगाने एवढ्या क्षेत्रातून सुमारे ३५०० किलोवॉट शक्ती वाहून जाते. यंत्राची क्षमता मात्र १५०० किलोवॉट आहे. बाकीची कोठे गेली, असे एखादा विद्यार्थी विचारील, आणि त्याने विचारावेच. पाण्याची सगळी शक्ती काढून घेतली तर पाणी पात्यांमागे थबकून उभे राहील आणि मागून येणाऱ्यास वाट उरणार नाही. मग चक्कीच बंद पडेल. तेव्हा काही शक्ती पाण्याला पुढे निघून जाण्यासाठी ठेवलीच पाहिजे. आल्बर्ट बेट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने गणिताने दाखविले की उघड्या प्रवाहातील चक्कीस शेकडा ५९ हून अधिक शक्ती कधीच घेता येणार नाही. त्यातून यंत्रातील घर्षण वगैरे वजा जाता शेकडा चाळीस-बेचाळीस हाती येणे ही चांगली कामगिरी समजावी.

पाण्याचा रेटा मात्र सगळा सोसावा लागतो. यंत्र पूर्ण शक्तीने चालत असता त्यावर मागे ढकलणारा जोर सुमारे शंभर टन भाराइतका येतो. म्हणून बैठक शेकडो टनांची करतात व तिच्या पायांवर आणखी मोठमोठी वजने ठेवतात. तळाचा खडक प्रवाहाने धुऊन इतका स्वच्छ झालेला आहे की त्यावर वाळू टिकत नाही. तेथे यंत्र केवळ स्वतःच्या भाराने उभे राहते. प्रवाहाची दिशा फिरली की यंत्राचे डोके फिरवून पाती पुन्हा पाण्यास सन्मुख करतात. वेग प्रमाणाबाहेर वाढला तर पात्यांचा कोन बदलून जास्तीचे पाणी निसटू देतात. तयार झालेली वीज समुद्रतळावरून केबलने किनाऱ्यावर येते, आणि तिला जाळ्यात सोडण्याजोगे रूप किनाऱ्यावरील इमारतीत दिले जाते. वरून बोट गेली तरी खलाशास खाली काय चालले आहे ह्याचा पत्ताही लागत नाही.

हे सर्व वाचून काम सरळ आहे असे वाटेल. ते तसे मुळीच नाही. यंत्र बसविण्यास किंवा दुरुस्तीसाठी वर काढण्यास प्रवाह थांबलेला असावा लागतो, आणि तो थांबतो भरती-ओहोटीच्या सांध्यावर, थोडाच वेळ. तेवढ्यात जहाज नेमके जागेवर धरावयाचे, यंत्र उतरवावयाचे आणि बैठकीवर बसवावयाचे. खारे पाणी लोखंड खाते, शिंपले पृष्ठभागावर घर करतात आणि तेलाची मोहोर फुटली तर आत पाणी शिरते. कॅनडातील फंडीच्या उपसागरात, जेथे जगातील सर्वांत उंच भरती येते, तेथे नोव्हेंबर २००९ मध्ये एक यंत्र उतरविले होते. प्रवाह अंदाजापेक्षा प्रबळ निघाला आणि थोड्याच आठवड्यांत त्याची पाती मोडली. ते वर काढता आले १३ महिन्यांनी. मेजेनच्या यंत्रांनाही आरंभीच्या वर्षांत दुरुस्तीसाठी वर यावे लागले. तथापि त्यांपैकी एक यंत्र सहा वर्षांहून अधिक काळ अनपेक्षित दुरुस्तीवाचून पाण्याखाली चालत राहिले, असे २०२५ साली जाहीर झाले, आणि ह्या धंद्यातील लोकांनी ती बातमी वीज किती निघाली ह्याहून महत्त्वाची मानली. त्यांचे मानणे योग्यच आहे. वीज निघते ह्याविषयी आता कोणास शंका नाही. यंत्र तळाशी किती वर्षे टिकते, हाच खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ह्या चार यंत्रांनी मिळून ५ कोटी युनिट वीज दिली होती.

जलचरांचे काय, हाही प्रश्न रास्त आहे. उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड नावाच्या खाडीच्या मुखाशी २००८ साली सीजेन नावाचे १.२ मेगावॉटचे यंत्र उभे केले होते. त्या खाडीत सील प्राण्यांची वस्ती आहे. त्यामुळे आरंभी सील जवळ आला की यंत्र थांबवीत असत. अनेक वर्षांच्या निरीक्षणात वस्तीस मोठी हानी झाल्याचे आढळले नाही. प्राणी यंत्राच्या बाजूने जाण्यास शिकले. यंत्राचे आयुष्य संपल्यावर २०१९ पर्यंत ते पूर्णपणे काढून घेण्यात आले व खाडी पूर्ववत् झाली. एका यंत्रावरून शेकडो यंत्रांचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. जाता जाता सांगावेसे वाटते की ह्याच खाडीकाठी नेन्ड्रम येथील ख्रिस्ती मठात भरतीच्या पाण्यावर चालणारी पिठाची चक्की होती. तिच्या लाकडावरील वलयांवरून ती इ. स. ६१९ मधली ठरली आहे. भरतीला कामास लावण्याची कल्पना आजची नव्हे.

एवढी यातायात करून मनुष्य ह्या विजेच्या मागे का लागला आहे? वारा आहे, ऊन आहे. तीही फुकटच आहेत. ह्याचे उत्तर कोकणातील कोणत्याही कोळ्याच्या घरी मिळेल. वारा उद्या किती सुटेल हे निश्चित सांगता येत नाही, ढग केव्हा येतील हेही सांगता येत नाही. पण पुढल्या पंचमीस भरती केव्हा भरेल हे तो बोटांवर मोजून सांगतो. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पंचमीस पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. अष्टमीस सहाच्या सुमारास. बंदरागणिक थोडे मागेपुढे होते एवढेच. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. ती गोष्ट ह्या पाऊणपटीत सामावलेली आहे. हा हिशेब किनाऱ्यावरील शिक्षकांनी वर्गात अवश्य करवून घ्यावा व मुलांना समुद्रावर जाऊन पडताळून पाहण्यास सांगावे.

हाच हिशेब सूक्ष्म रीतीने करता यावा म्हणून विल्यम टॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनी १८७२-७३ च्या सुमारास कप्प्या व दातेरी चाके ह्यांचे एक यंत्र तयार करविले. त्यात हाताने चाक फिरविले की बंदरातील वर्षभराच्या भरतीची रेषा कागदावर उमटे. आज भारतीय सर्वेक्षण विभाग आपल्या बंदरांची भरतीची कोष्टके दरवर्षी आगाऊ छापतो. ज्या विजेचे वेळापत्रक वर्षापूर्वी छापता येते, ती वीज पुरविणाऱ्यास फार सोयीची असते.

ह्याचा अर्थ ती अखंड मिळते असा मात्र नव्हे. प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा बदलतो आणि तेवढ्या वेळी पाती थांबतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोराने धावते, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला ते मंदावते; आणि वर सांगितलेला घनाचा नियम येथे निष्ठुरपणे लागू होतो. उधाणात असलेला वेग भांगास निम्मा झाला तर शक्ती निम्मी नव्हे, एक अष्टमांश उरते. तेव्हा ही वीज नियमित आहे, पण सतत नाही. "नियमित" व "सतत" ह्या दोन शब्दांतील फरक स्पष्ट करण्यास ह्याहून चांगले उदाहरण भाषेच्या तासालाही मिळणार नाही.

आता किमतीकडे पाहू. ब्रिटिश सरकार वीज-उत्पादकांशी ठरावीक भावाचे करार लिलावाने करते. २०२२ सालच्या लिलावात समुद्रावरील पवनचक्क्यांच्या विजेस दर मेगावॉट-तासाला ३७.३५ पौंड भाव ठरला. भरतीच्या प्रवाहाच्या विजेस १७८.५४ पौंड. म्हणजे जवळजवळ पाचपट. सरकारने हा महाग भाव मुद्दाम दिला. पवनचक्कीची वीजही एके काळी महाग होती व यंत्रे वाढली तसतशी ती स्वस्त झाली, तसे येथेही घडेल ह्या आशेने. घडेल की नाही ते यंत्रांच्या टिकाऊपणावर अवलंबून आहे.

आपल्या देशात खंबातच्या आखातात सुमारे ७००० मेगावॉट, कच्छच्या आखातात सुमारे १२०० मेगावॉट आणि सुंदरबनात १०० मेगावॉटपेक्षा कमी, असे भरतीच्या शक्तीचे अंदाज सांगितले जातात. हे आकडे मुलांना सांगावयाचे तर पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. कच्छच्या आखातातील ५० मेगावॉटचा प्रकल्प २०११ साली जाहीर झाला. त्याचा खर्च ७५० कोटी रुपये धरला होता. सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीवरील ३.७५ मेगावॉटच्या प्रकल्पाचा खर्च २३८ कोटींवर गेला. खर्च परवडेना म्हणून दोन्ही सोडून देण्यात आले. दर मेगावॉटला पहिल्यात १५ कोटी व दुसऱ्यात ६३ कोटींहून अधिक, असा भागाकार विद्यार्थ्यांनीच करावा.

कोकणच्या खाड्यांविषयी प्रश्न आल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे भरती मुंबईस उधाणात चार-पाच मीटरपर्यंत चढते आणि दक्षिणेस जावे तशी कमी होत जाते. खाड्यांच्या मुखाशी पाण्याला ओढ असते हे खरे. परंतु तेथे वाळूचे दांडे साचलेले असतात, आणि १८ मीटर व्यासाचे चक्र बुडावयास जी तीस मीटर खोली लागते ती तेथे नाही. म्हणून मेजेनसारखे यंत्र आपल्या खाडीत बसेल असे सांगू नये.

त्याऐवजी मुलांकडून एक साधा प्रयोग करवावा. ओहोटी लागल्यावर खाडीच्या पुलावर किंवा धक्क्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, वीस मीटर अंतरावर दोन खुणा कराव्या. वरच्या खुणेपाशी नारळाची सोडणे पाण्यात टाकावी आणि खालच्या खुणेपर्यंत जाण्यास त्यांना किती सेकंद लागतात ते मोजावे. वीसला त्या सेकंदांनी भागले की वेग निघाला. त्याचा घन करून अर्ध्या किलोवॉटने गुणले की प्रत्येक चौरस मीटरमागे आपल्या खाडीची शक्ती मिळाली. चाळीस सेकंद लागले तर वेग अर्धा मीटर, त्याचा घन एक अष्टमांश, आणि शक्ती अवघी साठ-पासष्ट वॉट. त्यातले निम्म्याहून कमी हाती येणारे. म्हणजे एका लहान दिव्यापुरते. हाच प्रयोग अमावास्येस व अष्टमीस करून दोन्ही उत्तरे वर्गातील तक्त्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवावी.